हिरवी टिक आणि नवाचा ताळा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच ठरवलाय: ‘तू नक्की काय करतेस ते एकदा नीट सांग.’ झालं असं, की आपल्या ग्रुपवर मी एकदा लिहिलं होतं, ‘मी क्लाउडवर डेटाचं काम करते.’ त्यावर आपल्यापैकी एकाने विचारलं, ‘म्हणजे हवामान खात्यात?’ तेव्हापासून ग्रुपवर पाऊस पडला की सगळे मला जाब विचारतात.

बोलण्याचं दुसरं कारण म्हणजे या मेळाव्याची यादी. ती मी केली आणि तिच्यात घोळही मीच घातला. त्याबद्दल शेवटी सांगते. ज्याच्या बाबतीत घोळ झाला तो समोरच बसलाय, आणि आत्ताच सांगितलं तर तो मला पुढे बोलू देणार नाही.

आधी काम सांगते. आपल्या शाळेत महिनाअखेरीला प्रत्येक वर्गाचं हजेरीपत्रक ऑफिसात जायचं. कुणाचं अक्षर किरटं, कुणी गैरहजेरीला फुली मारायचं, कुणी ‘गै’ लिहायचं, कुणी जागा कोरीच ठेवायचं. ऑफिसातले क्लार्क ते सगळं एका तक्त्यात आणून बेरीज लावायचे. धंद्यातही तेच असतं. दुकानाची बिलं एका साच्यात, गोदामाचा साठा दुसऱ्या, बँकेचा उतारा तिसऱ्या. हे सगळं गोळा करायचं, साफ करायचं, एकमेकांना जोडायचं आणि मालकाला सकाळी एका पानावर दाखवायचं. मी त्यासाठी जे साधन वापरते त्याचं नाव पॉवर बीआय. त्यातला साफसफाईचा भाग म्हणजे पॉवर क्वेरी, आणि ती तुमच्या एक्सेलमध्येही २०१६ पासून आत बसवलेली आहे, ‘डेटा’ नावाच्या टॅबखाली. क्लाउड म्हणजे एवढंच, की हे काम तुमच्या टेबलावरच्या संगणकावर न होता दुसऱ्याच्या मोठ्या संगणकांवर, ठरवलेल्या वेळी, तुम्ही झोपलेले असताना होतं.

तुम्ही झोपलेले असताना होतं, हीच त्यातली सोय आणि हीच त्यातली भीती.

लोक मला फोन करतात ते बहुतेक वेळा लाल अक्षरं दिसली म्हणून. ‘मॅडम, रिफ्रेश फेल झालंय.’ मी मनात म्हणते, बरं झालं. लाल अक्षरं हा या धंद्यातला सर्वांत प्रामाणिक प्रकार. कुठे अडलं ते साधन स्वतः सांगत असतं. माहिती तुमच्या ऑफिसातल्या संगणकावर असेल, तर ती क्लाउडपर्यंत नेण्यासाठी त्या संगणकावर गेटवे नावाचा एक प्रोग्रॅम सतत चालू लागतो. लाइट बिलाची काळजी असलेले गृहस्थ जाताना तो संगणक बंद करून जातात, आणि रात्री सगळं थांबतं. कुणीतरी पासवर्ड बदलतं आणि इकडे कळवत नाही. कुणी फाइलमधल्या ‘फॅट’ या शब्दापुढे चुकून एक स्पेस देतं आणि साधन म्हणतं, असा रकाना मला सापडत नाही. ही सगळी दहा मिनिटांची कामं. एक मात्र लक्षात ठेवा: वेळापत्रकावर लावलेलं रिफ्रेश लागोपाठ चार वेळा फसलं तर ते वेळापत्रक आपोआप बंद होतं. मूळ दोष काढल्यावर ते हाताने पुन्हा चालू करावं लागतं. हे विसरून ‘दुरुस्त केलं तरी चालत नाही’ म्हणणारे मला महिन्याला एकदा तरी भेटतात. अपयशाची ईमेल मूळ मालकाच्या पत्त्यावर जाते, आणि तो मालक नोकरी सोडून गेलेला असेल तर ती कुणीही वाचत नाही.

मराठी नावांच्या जागी भुतांनी लिहिल्यासारखी अक्षरं दिसतात, तोही प्रकार सोपा. फाइल उघडताना ‘फाइल ओरिजिन’ असं विचारतात तिथे ६५००१, म्हणजे युनिकोड यूटीएफ-८, निवडायचं. नावं परत येतात.

खरी भानगड हिरव्या टिकेची. सगळं सुरळीत पार पडलं असं साधन सांगतं आणि आकडा चुकलेला असतो.

तारखांचं बघा. आपण ३/१० लिहितो तेव्हा तीन ऑक्टोबर म्हणतो. फाइलची प्रादेशिक मांडणी अमेरिकन ठेवलेली असेल तर साधन तेच दहा मार्च म्हणून वाचतं, बिनतक्रार. बारा तारखेपर्यंतच्या सगळ्या तारखा अशा गुपचूप उलटतात. तेरा तारीख आली की मात्र ते अडतं, कारण तेरावा महिना नसतो. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतला बराचसा माल भलत्याच महिन्यात गेलेला असतो आणि उरलेल्या दिवसांवर ‘एरर’ लिहिलेलं असतं. अशा वेळी घाईतला माणूस काय करतो? उजवं बटण दाबतो, ‘रिमूव्ह एरर्स’ निवडतो. लाल गेलं, पान स्वच्छ झालं, आणि महिन्याचे शेवटचे अठरा दिवस कचऱ्यात गेले. खरा उपाय म्हणजे त्या रकान्याचा प्रकार बदलताना ‘युझिंग लोकेल’ निवडून इंग्लिश (इंडिया) सांगायचं. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवते, की चूक दिसली तर ती पुसण्याआधी तिच्यावर टिचकी मारून ती काय म्हणते ते वाचा. निम्मी मुलं दुसऱ्या दिवशी पुसतातच.

वेळेचंही तसंच. क्लाउडमधल्या संगणकाला ‘आत्ता किती वाजले’ विचारलं तर तो जागतिक वेळ सांगतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणून मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात त्याचं ‘आज’ म्हणजे आपलं ‘काल’ असतं. ज्यांचा धंदा पहाटे चालू होतो त्यांना हे फार नडतं. सूत्रात साडेपाच तास स्वतः मिळवावे लागतात.

आता ज्यासाठी मी एवढी प्रस्तावना केली ती गोष्ट. तीन वर्षांपूर्वीची. एका दूध संघाचं काम माझ्याकडे होतं. नाव सांगत नाही, सांगण्यासारखी चूक त्यांची नव्हती.

गावोगावच्या दूध संस्था रोज सकाळ-संध्याकाळ दूध घेतात. प्रत्येक सभासदाचं लिटर, फॅट, एसएनएफ मशीनवर नोंदलं जातं, पावती मिळते, आणि दर दहा दिवसांनी बिल. प्रत्येक संस्थेला तीन आकडी क्रमांक आणि संस्थेतल्या प्रत्येक सभासदाला चार आकडी. हे दोन जोडून मी प्रत्येकाची एक ओळखखूण केली होती. संस्था ०११, सभासद ००२३, म्हणून ०११००२३. ही खूण दोघांची एक असू शकत नाही. वर्षभर काम छान चाललं.

दिवाळीच्या आधीच्या बिलाच्या वेळी संस्थांकडून येणाऱ्या फाइलमध्ये एक रकाना वाढला आणि माझ्याकडे लाल अक्षरं आली. बिल दुसऱ्या दिवशी बँकेत जायचं होतं. घरी फराळाचं चालू होतं, चकल्या मोडत होत्या, ते एक डोक्यात. मी जुन्या पायऱ्या काढून टाकल्या आणि फाइली नव्याने जोडल्या. नव्याने जोडलं की पॉवर क्वेरी आपण न सांगता एक पायरी घालते: सुरुवातीच्या २०० ओळी बघून प्रत्येक रकाना संख्या आहे, तारीख आहे की मजकूर, हे ती स्वतः ठरवते. क्रमांकांच्या रकान्यात आकडेच आकडे. तिने ठरवलं, ही संख्या. आणि संख्येच्या आधीच्या शून्याला किंमत नसते, हे आपल्याला पहिलीत शिकवलंय. ०११ चं झालं ११. ००२३ चं झालं २३. जोडल्यावर ११२३.

आता संस्था ००१ आणि सभासद ०१२३ घ्या. शून्यं काढा. १ आणि १२३. जोडल्यावर? तेच, ११२३.

दोन गावांतली दोन माणसं एक झाली.

खरं तर साधनाने मला एकदा अडवलं होतं. दुधाच्या नोंदी आणि सभासदांची यादी यांचा संबंध जोडताना त्याने सांगितलं, की यादीतली खूण एकेकदाच यायला हवी, इथे काही खुणा दोनदा आल्यात. त्या क्षणी थांबून ‘का दोनदा?’ असं विचारायला हवं होतं. मला वाटलं, संस्थेने कुणाचं नाव दोनदा टाकलं असेल, टाकतात तसं. मी ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ दाबलं. दोघांपैकी पहिला राहिला, दुसरा गेला. संबंध जुळला. हिरवी टिक आली.

मी ताळा करून बघितला नाही असं नाही. एकूण लिटर बघितले, जुळले. एकूण रुपये जुळले. ओळींची संख्या जुळली. का नाही जुळणार? दूध कुठे सांडलंच नव्हतं, एकाचं दुसऱ्याच्या नावावर गेलं होतं.

बाई, तुम्ही आम्हाला सातवीत नवाचा ताळा शिकवलात तेव्हा सांगितलं होतं, की ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक, पण ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबर असं समजू नका. ३२८ च्या जागी ३८२ लिहिलं तरी अंकांची बेरीज तेराच, आणि ताळा चारच. तुम्ही फळ्यावर हेच दोन आकडे लिहिले होते की दुसरे, ते आठवत नाही. वाक्य आठवतं. त्या दिवशी आठवलं नाही.

आणखी एक कबुली द्यायला हवी. हे साधन अहवालासाठी आहे. बँकेला पाठवायची पैशांची यादी त्यातून काढायची नसते. पण एकदा पानावर नीटनेटका तक्ता दिसायला लागला की लोक तिथूनच उतरवून घ्यायला लागतात, आणि मीही त्यांना थांबवलं नव्हतं. अहवालातून एक्सेलमध्ये उतरवताना फार तर दीड लाख ओळी येतात आणि सीएसव्हीमध्ये ३०,००० हे ज्यांना माहीत नाही, ते शेपूट तुटलेली यादी बँकेत नेऊन देतात. माझ्या बाबतीत तेवढं झालं नाही एवढंच.

वसुबारसेच्या दिवशी मी संघाच्या ऑफिसात होते. अकरा नंबरच्या संस्थेच्या गावची एक बाई आली. हातात दहा दिवसांच्या वीस पावत्या, दोऱ्याने बांधलेल्या, वर एका चिठ्ठीवर पेन्सिलीने केलेली बेरीज. बँकेत जाऊन आली होती, खात्यात काही आलं नव्हतं. खिडकीवरच्या माणसाने माझ्याकडे बोट दाखवलं. ती रागावली नव्हती. म्हणाली, ‘ताई, तुमच्या कंपूटरात माझी म्हस आटली व्हय?’

मी तिला बसायला सांगितलं आणि लॅपटॉप उघडला.

पॉवर क्वेरीत उजव्या हाताला सगळ्या पायऱ्या ओळीने लिहिलेल्या असतात. कुठल्याही पायरीवर बोट ठेवलं की त्या क्षणी माहिती कशी दिसत होती ते दिसतं. मी सगळ्यात वर गेले, मूळ फाइलवर. तिच्या वीस नोंदी तिथे होत्या. पावत्यांशी एकेक लावून बघितल्या, दशांशापर्यंत बरोबर. एक पायरी खाली. आहेत. आणखी एक खाली. नाव आहे, लिटर आहेत, पण क्रमांकाच्या रकान्याच्या डोक्यावर ‘एबीसी’ असं चिन्ह असायचं तिथे ‘१२३’ होतं आणि शून्यं गेली होती. मला तिथेच घाम फुटला. पुढच्या पायऱ्या बघायची खरं तर गरज नव्हती. तरी बघितल्या. तिचं दूध ००१ नंबरच्या संस्थेतल्या एका सभासदाच्या नावावर, व्यवस्थित, दशांशासकट.

मग किती जणांचं असं झालंय ते शोधलं. नऊ जोड्या. नऊ जणांना दुप्पट माल दाखवून पैसे गेले होते आणि नऊ जणांची दिवाळी कोरडी. बिल मिळणाऱ्यांची संख्या नऊने कमी झाली होती, ती मला आधी दिसायला हवी होती. पण ती दर बिलाला कमी-जास्त होतेच. कुणाची म्हैस आटते, कुणाची गाय विकली जाते.

व्यवस्थापकांच्या खोलीत जाताना माझ्या जिभेवर एक वाक्य तयार होतं: ‘सिस्टिममध्ये एरर होता.’ हे वाक्य आजकाल सगळीकडे चालतं, बँकेत चालतं, रेल्वेत चालतं. ऐकणाराही मान डोलावतो, कारण सिस्टिमला कोण काय बोलणार. मी ते म्हणणारही होते. ती बाई दाराबाहेर बाकावर बसली होती आणि दार उघडं होतं. मी सांगितलं की पायरी मी काढली, सूचना मी पुसली. व्यवस्थापक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आधी नावं द्या.’ नऊ जणांना त्याच संध्याकाळी त्यांच्या त्यांच्या संस्थेतून उचल दिली गेली. जास्त पैसे गेलेल्यांपैकी दोघे स्वतःच विचारायला आले होते, बाकीच्यांचे पुढच्या बिलांतून वळते केले. पुढच्या वर्षी ते काम माझ्याकडे राहिलं, पण त्याआधीच्या वाटाघाटीत मी दर वाढवून मागितला नाही.

दुरुस्तीला किती वेळ लागला असेल? क्रमांकाच्या रकान्याला ‘मजकूर’ म्हणायचं, शून्यं परत येतात. दोन मिनिटं.

त्यानंतर माझी काम तपासायची पद्धत बदलली. बेरजा मी अजून लावते. पण त्याआधी एक माणूस निवडते आणि पहिल्या पायरीपासून शेवटच्या आकड्यापर्यंत त्याच्या मागे मागे जाते. नाव यादीतल्या मधल्या एखाद्या कोपऱ्यातलं घेते, कारण वरची नावं सगळेच तपासतात. रकान्यांची गुणवत्ता दाखवणारी पट्टीही मुळात फक्त पहिल्या १००० ओळी बघून ‘१०० टक्के बरोबर’ म्हणत असते. पूर्ण माहिती बघायला खाली डाव्या कोपऱ्यात जाऊन तसं सांगावं लागतं. पुसण्याची सगळी बटणं, एरर पुसणं असो की दुबार नोंदी पुसणं, मी आधी उलटी वापरते. ‘कीप एरर्स’, ‘कीप डुप्लिकेट्स’. जे पुसलं जाणार आहे तेच फक्त समोर ठेवते आणि वाचते. त्या दिवशी मी हे केलं असतं तर दोन वेगवेगळी आडनावं एका खुणेखाली शेजारी शेजारी दिसली असती. दूध संघाच्या कामात मी ज्या माणसाच्या मागे जाते तो सभासद क्रमांक ०११००२३. तिला हे माहीत नाही.

आता आपली यादी.

ग्रुपवर पाठवलेल्या फॉर्मवर सगळ्यांनी नावं भरली, ती एका तक्त्यात आली. माझंच नाव दोनदा होतं, एकदा माहेरचं, एकदा सासरचं, कारण पहिल्यांदा भरलं ते मी विसरले होते. अशा आपल्या बऱ्याच मैत्रिणी दोनदा होत्या. मोबाइल नंबरही कुणी शून्य लावून, कुणी ९१ लावून, कुणी मधे जागा सोडून. तेव्हा मी काय केलं असेन ते तुमच्या लक्षात आलं असेल. एवढी चकल्यांची आणि म्हशीची गोष्ट सांगणारी मी, नावावर बोट ठेवलं आणि दुबार नोंदी पुसल्या. आपल्या बॅचला ‘अ’ तुकडीत आणि ‘ब’ तुकडीत एकाच नावा-आडनावाचे दोन मुलगे होते. दहावीच्या निरोप समारंभात दोघांना चुकून एकमेकांची बक्षिसं दिली गेली होती ते आठवतंय ना? तेच दोघे. एकाला निमंत्रण गेलं, एकाला नाही.

चार दिवसांपूर्वी ज्याला निमंत्रण मिळालं होतं त्याने फोन करून विचारलं, ‘तो येतोय ना? आम्ही एकत्र येणार होतो.’ मी शाळेच्या ऑफिसात गेले. तिथल्या जनरल रजिस्टरमध्ये आपल्या प्रत्येकाचा एकेक नंबर आहे, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही असतो तो. या शाळेत एका मुलाचा नंबर दुसऱ्याला देत नाहीत. मी बसून सगळी यादी त्या नंबरावर पुन्हा केली. तो काल रात्रीच्या गाडीने आलाय, तिसऱ्या रांगेत आहे, आणि मघापासून हात वर करतोय.

जेवणाची कुपनं त्याच नव्या यादीवरून छापली आहेत. ज्याला मिळालं नसेल किंवा दोन मिळाली असतील, त्याने घंटा होण्याआधी मला येऊन सांगावं. मी पाण्याच्या टाकीपाशी उभी आहे.